डार्क चॉकलेट आणि संत्रं: बेळगाव-निपाणीकडे कुठे मिळेल, आणि नाही मिळालं तर?

प्रश्न थोडक्यात असा होता: "आम्ही निपाणीचे. बाबा २००९ मध्ये भावाकडे लंडनला गेले होते, तिथे त्यांनी संत्र्याएवढं गोल चॉकलेट खाल्लं होतं. टेबलावर ठोकलं की फोडी सुट्या व्हायच्या आणि खाताना संत्र्याचा वास यायचा. अजून आठवण काढतात. माघात त्यांची पंचाहत्तरी आहे. भाऊ आता तिकडे नाही. बेळगावात चार-पाच दुकानं फिरले, 'ऑरेंज चॉकलेट' म्हणून जे मिळालं त्याला लहानपणीच्या लेमन गोळीसारखा वास होता. खरं कुठे मिळेल? बाबांना शुगर आहे, पण डार्क चालतं म्हणे."

ताई, आधी माझी ओळख. आमचं घर बेळगावच्या शहापुरातलं, धंदा पिढीजात कुंद्याचा, म्हणजे आटवलेल्या दुधाच्या मिठाईचा. मी गेली सोळा वर्षं चॉकलेट करतो. वडिलांना ते अजून पटलेलं नाही, पण दिवाळीला पहिला डबा तेच उघडतात. म्हणजे पाकही बघितलाय आणि कोकोही, त्या अंदाजाने सांगतो.

तुम्ही दुकान विचारलंय, पण अडचण दुकानाची नाही. तुम्हाला मिळालं त्यात चॉकलेटही नव्हतं आणि संत्रंही नव्हतं. ही दोन्ही ओळखता आली तर कुठल्या दुकानात शिरायचं आणि कुठून नुसतं हात जोडून बाहेर पडायचं, ते आपोआप कळतं.

संत्र्याचं आधी बघू. शाळेत संत्र्याची साल शेजारच्याच्या डोळ्यासमोर पिळायची खोडी तुम्हीही केली असेल. बारीक फवारा उडायचा आणि डोळा चुरचुरायचा. तो फवारा म्हणजेच संत्र्याचा वास. सालीच्या वरच्या केशरी थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात, त्यात मुख्यतः लिमोनीन नावाचं द्रव्य असतं. आतल्या रसात पाणी, साखर आणि आंबटपणा, वास त्या मानाने फार थोडा. आता चॉकलेटकडे या. चॉकलेट हा मुळात स्निग्ध पदार्थ. सालीतलं तेल त्यात सहज विरघळतं, पण रसातलं पाणी म्हणजे त्याचा वैरी. वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी पडलं तरी ते आटल्यासारखं घट्ट, रवाळ होऊन बसतं. पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने दीड किलो चॉकलेटमध्ये ताज्या संत्र्याचा रस ओतला होता. पुढचा महिनाभर आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ चॉकलेटचं दूध होतं. एवढ्यासाठी, कुठल्याही वेष्टनावर 'ऑरेंज ज्यूस' लिहिलेलं बघून खूश होऊ नका. 'ऑरेंज पील' किंवा 'ऑरेंज ऑइल' शोधा. नुसतं 'ॲडेड फ्लेवर, नेचर आयडेंटिकल' असेल तर तो तुमचा लेमन गोळीवाला वास.

आता चॉकलेट. घटकांच्या यादीत 'कोको बटर' पाहिजे. त्याऐवजी 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' किंवा 'एडिबल व्हेजिटेबल फॅट' पहिल्या दोन-तीन नावांत दिसलं तर ते कंपाउंड. कंपाउंड वाईट असतं असं मी म्हणणार नाही. लग्नातल्या रिटर्न गिफ्टांसाठी, मे महिन्यातल्या ऑर्डरींसाठी मीही वापरलंय, कारण ते उन्हात तग धरतं आणि टेंपरिंगची, म्हणजे चमक यावी म्हणून चॉकलेट ठरावीक उष्णतेला आणायची, भानगड नसते. पण कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे जिभेवर ठेवल्या ठेवल्या वितळतं आणि सगळा वास एकदम सोडतं. कंपाउंडची चरबी तोंडात मेणासारखी रेंगाळते आणि संत्र्याचं तेल तिच्यातच अडकून राहतं. खडेबाजारात बेकरीच्या सामानाच्या दुकानातून सुटे करून मिळणारे स्लॅब बहुतेक कंपाउंडचे असतात. एकाच कंपनीचं कंपाउंडही येतं आणि खरं चॉकलेटही, वेष्टनं सारखीच दिसतात. दुकानदाराला 'कुव्हर्चर आहे का', म्हणजे कोको बटरचं खरं चॉकलेट आहे का, असं विचारा. तो विचारात पडला तर पाकीट उलटं करून तुम्हीच वाचा.

बाबांनी खाल्लं ते काय होतं, ते तुमच्या वर्णनावरून कळतं: टेरीज चॉकलेट ऑरेंज. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात टेरीज कंपनीने १९३२ मध्ये काढलेलं. वीस फोडी, वर केशरी झळझळीत कागद, आत खऱ्या संत्र्याचं तेल. यॉर्कचा कारखाना २००५ मध्ये बंद झाला, आता ते फ्रान्समध्ये बनतं. आणि एक गंमत: जगभर सर्वात जास्त खपतं ते त्याचं दुधाचं चॉकलेट. डार्कही येतं, पण बाबांनी कुठलं खाल्लं हे त्यांना एकदा सहज विचारून घ्या. दुधाचं खाल्लं असेल आणि तुम्ही हौसेने सत्तर टक्के कोकोचं पुढे ठेवलंत, तर कडू लागून तोंड वाकडं करतील आणि वर म्हणतील, "ते नव्हे गं."

तेच हवं असेल तर मार्ग दोन. एक, ऑनलाइन आयात माल विकणारे. दुसरा, पुणे, गोवा किंवा बेंगळुरूची मोठी सुपरमार्केटं. दोन्हीकडे वेष्टनावर आयातदाराचं नाव आणि परवाना क्रमांक असलेली चिकटपट्टी बघा आणि तारीख बघा. चिकटपट्टी नसेल तर तो माल कुणाच्या तरी बॅगेतून आलेला. तो कुठल्या उन्हातून आला, किती दिवस कुठे पडून होता, काही सांगता येत नाही. मला एकदा असा डबा मिळाला होता, फोडी उघडल्या तर सगळ्या पांढुरक्या. ती बुरशी नसते. चॉकलेट एकदा वितळून पुन्हा गोठलं की कोको बटर वर येऊन तसा थर धरतं. खाल्लं तर अपाय नाही, पण पंचाहत्तरीला पुढे ठेवण्यासारखं ते राहत नाही.

गोल आकाराचा हट्ट सोडला तर वाट सोपी होते. लिंटच्या एक्सलन्स मालिकेतली ऑरेंज इंटेन्स ही पट्टी मोठ्या दुकानांत बऱ्याचदा दिसते. त्यात संत्र्याचे तुकडे आणि बदामाचे काप असतात. अमूलचीही ट्रॉपिकल ऑरेंज नावाची पट्टी आहे. ती सौम्य आहे, पण खिशाला परवडते आणि गावोगाव पोचते. याशिवाय गेल्या काही वर्षांत आपल्या दक्षिणेत कोकोच्या बियांपासून स्वतः चॉकलेट करणारे बरेच जण उभे राहिलेत: ऑरोव्हिलचे मेसन अँड को, कोचीचे पॉल अँड माइक, मैसूरचे नवीलुना. त्यांच्याकडे कधी ना कधी संत्र्याच्या सालीचा प्रकार असतो. चवी बदलत राहतात, तेव्हा मागवण्याआधी त्यांच्या साइटवर बघून घ्या. जाता जाता, कोको काही परदेशातच पिकतो असं नाही. आपल्याच कर्नाटकात, दक्षिण कन्नडमध्ये, सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून तो होतो आणि कॅम्पको या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना पुत्तूरला १९८६ पासून चालू आहे. आमच्याकडच्या लोकांना हे सांगितलं की अजून खरं वाटत नाही.

कुरिअरने मागवणार असाल तर सोमवारी ऑर्डर द्या, म्हणजे शनिवार-रविवार पार्सल गोदामात पडून राहणार नाही. माघात आपल्याकडे हवा गार असते, त्यामुळे फारशी काळजी नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र मी कुणालाच मागवायला सांगत नाही. एका उन्हाळ्यात मी निपाणीला एसटीने तीस डबे पाठवले होते. बस दुपारची, डबे ड्रायव्हरच्या मागे, इंजिनाच्या उबेला. गिऱ्हाईक भला माणूस, फोनवर एवढंच म्हणाला, "अण्णा, सूप पोचलं."

आता कुणीतरी तुम्हाला 'जाफा केक मागवा' म्हणेल, म्हणून त्याचंही सांगतो. खाली स्पंजचा थर, मध्ये संत्र्याची जेली, वर डार्क चॉकलेटची साय. १९२७ पासूनचा इंग्लिश प्रकार. हा केक की बिस्कीट, यावर तिकडे १९९१ मध्ये कराच्या न्यायाधिकरणापर्यंत भांडण गेलं, कारण चॉकलेट लावलेल्या बिस्किटाला कर आहे आणि केकला नाही. निकाल केकच्या बाजूने लागला. चवीला छान, चहाबरोबर तर फारच, पण बाबांची आठवण भागवणारी ती वस्तू नव्हे.

गोवा जवळ आहे म्हणून चोर्ला घाटाने उतरून पणजीला जाणारे बरेच असतात. नाताळच्या आधी तिकडे केकसाठी पाकातली साल मिळते. ती घ्यायची तर एक तपासणी करा: दोन बोटांत चुरगळून वास घ्या. नाकाला संत्रं लागलं तर ठीक. नुसता गोड वास आला, तुकडे चौकोनी आणि एकसारखे असले, तर ती टूटी-फ्रूटी. टूटी-फ्रूटी कच्च्या पपईची असते, रंग काहीही असो.

साखरेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 'डार्क चालतं' हे अर्धंच खरं आहे. पट्टीवर ५५ टक्के कोको लिहिलेलं असेल तर उरलेल्या ४५ टक्क्यांत बहुतेक साखरच असते. म्हणजे दहा ग्रॅमच्या तुकड्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास. सत्तर टक्क्यांच्या पट्टीत तेवढ्याच तुकड्यात तीन ग्रॅम. फरक आहे, पण ते औषध नव्हे. वर पाकातली साल लावली की तो फरकही जातो, कारण साल म्हणजे जवळजवळ मुरांबाच. 'शुगर-फ्री' लिहिलेल्या पट्ट्यांत बऱ्याचदा साखरेऐवजी माल्टिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, ते जास्त खाल्लं की पोट बिघडतं. किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील. कसं द्यायचं एवढंच मी सांगू शकतो: संत्र्याचा वास साखरेतून न आणता थेट सालीच्या किसातून आणायचा.

म्हणून माझा सल्ला अर्धं विकत, अर्धं घरी असा आहे. साधं, चांगलं डार्क चॉकलेट विकत घ्या, ते आता निपाणीतही मिळतं, आणि संत्रं तुम्ही स्वतः घाला. बाजारातल्या कुठल्याही तयार पट्टीपेक्षा ताज्या सालीचा वास चढा असतो, हे मी माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतोय. कोको किती टक्के, हे चवीवर आहे. माझ्या अनुभवात संत्रं खुलतं ते ५५ ते ६५ च्या मध्ये. ७५ च्या वर कोकोचा कडवटपणा संत्र्याला बोलूच देत नाही. बाबांसाठी सत्तरवर थांबा.

फळ कुठलं घ्यायचं तेही कामावर अवलंबून आहे. किसासाठी आपलं नागपुरी संत्रं किंवा कोडगूचं, बाजारात जे 'कित्तळे' म्हणून मिळतं ते, वासाला गोड. माघात नागपूरचा मृग बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुललेल्या झाडांची फळं, बाजारात यायला लागतो, म्हणजे तुमची वेळ जमली. साल सैल असते म्हणून किसताना फळ घट्ट धरावं लागतं, एवढाच त्रास. परदेशी चकचकीत संत्री किसायला सोपी, पण त्यांच्यावर मेणाचा थर असतो. गरम पाण्यात घासून धुवा आणि कोरडी पुसा.

कृती अशी. जायफळाची बारीक किसणी घ्या, दोन संत्र्यांची फक्त केशरी साल किसा. पांढरं दिसलं की थांबा, तिथून कडू सुरू होतं. किस ताटलीत पसरून पंख्याखाली तीन-चार तास ठेवा, ओल गेली पाहिजे, वास राहिला पाहिजे. उन्हात ठेवू नका. दोनशे ग्रॅम चॉकलेट बारीक चिरा. त्यातलं दोन-तृतीयांश कोरड्या भांड्यात घेऊन गरम पाण्याच्या पातेल्यावर वितळवा. भांड्याचा बूड पाण्याला टेकता कामा नये, वाफेचा थेंबही आत नको. ४५ अंशांच्या आसपास आलं की उतरवा, किस घाला आणि झाकून दहा मिनिटं ठेवा. तेल चॉकलेटमध्ये उतरायला एवढा वेळ लागतो. मग राहिलेलं एक-तृतीयांश चॉकलेट थोडंथोडं घालून ढवळत राहा, ३१-३२ अंशांपर्यंत येऊ दे. यालाच टेंपरिंग म्हणतात. हे जमलं तर चॉकलेट चमकतं आणि कट्कन मोडतं. नाही जमलं तर वर पांढरट थर येतो, चव मात्र जात नाही.

थर्मामीटर नसेल तर घाबरू नका. माझे आजोबा पाकाची तार बोटांत बघायचे, त्यांना कुठे काटा लागत होता? चॉकलेटचा थेंब खालच्या ओठाच्या खाली लावा. गरम लागला तर अजून थांबा, किंचित गार लागला तर तयार. खात्रीसाठी सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा, पाच-सात मिनिटांत चमकदार होऊन सुकलं तर पुढे जा.

इसेन्सची बाटली घालायचा मोह होईल, घालू नका. पाण्यातला इसेन्स चॉकलेट बिघडवतो, आणि मेणबत्त्या-साबणासाठी विकतात ते संत्र्याचं तेल खाण्याचं नसतं.

पाहुण्यांसाठी, ज्यांना साखरेचं पथ्य नाही त्यांच्यासाठी, पाकातली साल चॉकलेटमध्ये बुडवून ठेवा. फ्रेंच लोक याला ऑरेंजेट म्हणतात. इथे मात्र नागपुरी संत्रं नको, त्याची साल पातळ, पाकात चामट होते. जाड सालीचं माल्टा घ्या, नाहीतर पपनस. गोव्याकडे गणपतीच्या माटोळीला, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीला, तोरंजन बांधतात तेच. सण संपल्यावर त्याची बोटभर जाड साल फुकट जाते, ती मी गेली दहा वर्षं वापरतो, आणि खरं सांगायचं तर संत्र्यापेक्षा मला तीच जास्त आवडते. सालीच्या लांब पट्ट्या कापा, तीनदा नव्या पाण्यात उकळून पाणी फेकून द्या, कडवटपणा जातो. मग अडीचशे ग्रॅम साखर आणि तेवढंच पाणी, मंद आच, पाऊण-एक तास. पाक एकतारीच्या पुढे जाऊ देऊ नका. दोनतारी झाला की थंड झाल्यावर साखर फुटते. पट्ट्या काचेसारख्या दिसायला लागल्या की जाळीवर काढून रात्रभर सुकवा. माघात सुकतात. आषाढात बेळगावात तीन दिवस ठेवल्या तरी बोटाला चिकटतात, एका पावसाळ्यात माझा अख्खा घाणा तसाच गेला.

कुंद्यात चॉकलेट आणि संत्रं घालून बघितलंय का, असं मला दर दिवाळीत कुणीतरी विचारतं. बघितलंय. कुंद्याच्या आटलेल्या दुधाचा खरपूस वास इतका दांडगा, की चॉकलेट कसंबसं टिकतं आणि संत्रं पार बुडतं. ज्याचं त्याला शोभतं.

आता बाबांच्या फोडींचं. गोल साचा ऑनलाइन मिळतो, पण एका दिवसासाठी कशाला? टेंपर केलेलं चॉकलेट बटर पेपरवर ओतून वडीसारखं थापा. गोल, ताटलीएवढं, अर्ध्या बोटाच्या जाडीचं. साधारण पंधरा मिनिटांत ते आळायला लागेल, बोट टेकवलं तर ठसा उमटेल पण चिकटणार नाही. त्या वेळी सुरीने मधून कडेपर्यंत रेषा मारा, संत्र्याची चकती दिसावी तशा, वीस फोडींच्या. खोल मारा, पण आरपार नको. फ्रीजमध्ये उघडं ठेवू नका, दमट हवेने वर साखर फुटते. माघातल्या खोलीतच रात्रभर ठेवा. दोनशे ग्रॅमच्या वीस फोडी, म्हणजे एक फोड दहा ग्रॅमची आणि साखर तीन ग्रॅम. डॉक्टरांना विचारताना हाच हिशेब सांगा. सकाळी चकती केशरी कागदात गुंडाळा आणि बाबांच्या हातात द्या. टेबलावर ठोकायचं हे त्यांना सांगावं लागणार नाही.